ऐकायला बोलावलेली बाई

आमच्या घरात खुर्ची एकच होती, आणि त्या खुर्चीवर पुणेवाली बसायची. मी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी. एवढं सांगितलं की माझ्या पोटात काय जळत होतं ते कोणत्याही बाईला कळेल. पुरुषांना कळणार नाही, म्हणून पुढचं सांगते.

तेव्हा आम्ही बल्लारशाला होतो. चांदा जिल्हा अजून चांदाच होता आणि गडचिरोली त्यातलीच एक तहसील. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे ट्रकवर लादून यायचे आणि आमच्या घराशेजारच्या आरा मशीनवर चिरले जायचे. मशीनचा सगळा कारभार आमच्या यांच्याकडे. लाकूड आत सरकलं की आरा असा किंचाळायचा की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरायची. हे सकाळी जायचे ते दिवसभर त्या आऱ्याच्या बाजूला उभे. मालकानं मशीनची वीज आमच्या घराला आणि पलीकडच्या एका बंगलीला दिली होती. त्या विजेनं बाकी काही केलं नाही, आमच्या घरात गाणं आणलं.

गाण्याचं वेड यांना आधीपासूनच होतं. रेडिओ होता, त्याला जोडून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं. पण यांचं समाधान कुठून व्हायला! कुठल्याशा इंग्रजी मासिकात यांनी वाचलं की रेडिओच्या पोटातला स्पीकर म्हणजे काहीच नाही, खरं ऐकायचं तर मोठा स्पीकर वेगळा आणावा आणि जाड लाकडाच्या पेटीत बसवावा, म्हणजे गाणारा माणूस घरात येऊन बसल्यासारखं वाटतं. झालं. मुंबईहून रेल्वेतल्या ओळखीच्या गार्डाबरोबर स्पीकर आला. काळ्या कागदाचा मोठा द्रोण आणि त्याच्या पाठीला लोहचुंबक, बस. मी म्हटलं, "यात पातळ वरण वाढू का?" हे हसले नाहीत. गाण्याच्या बाबतीत यांना थट्टा चालत नसे.

मग पेट्या सुरू झाल्या. एक सागाची, एक शिवणीची, एक आंब्याची. सुट्टीच्या दिवशी घरभर भुसा. पेटीत आवाज उलटून आदळू नये म्हणून आतून कापूस लावावा लागतो म्हणे, तर यांनी काय करावं? माझ्या आईनं दिलेली दुलई उसवली! मी माहेराहून आणलेली, वरोऱ्याच्या कापसाची दुलई. बाप्पा, काय भांडले मी त्या दिवशी! हिवाळ्यात मी कुडकुडायचं आणि पेटी उबेत झोपणार. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "बाई, तुले तं लाकडाची सवत आली." तेव्हा मी हसले. लाकडाची सवत परवडते, ती उलट बोलत नाही.

यांची पारखायची रीत ठरलेली. एकच रेकॉर्ड. त्यात एक बाई भजन म्हणते, मागे तबला आणि टाळ. हे डोळे मिटून, मान खाली घालून ऐकायचे. तबल्याला मान डोलायची. बाईच्या आवाजाला थोडी डोलायची. आणि टाळ सुरू झाले की थांबायची. मग हे डोळे उघडून म्हणायचे, "मुका आहे. टाळ कुठी आहे यात?"

मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अजी, टाळ वाजून तं राह्यले! इथी चुलीपर्यंत ऐकू येऊन राह्यले!"

"तुले नाई समजत त्यातलं."

"टाळात काय समजाचं आहे? छन छन वाजते!"

"तू भाकरी पाह्य."

स्पीकर परत जायचा, दुसरा यायचा. तोही मुका. मग तिसरा. गार्ड कंटाळला. पेटीची तोंडं मोठी झाली, लहान झाली, माझ्या दुलईचा कापूस काढला, परत भरला. आणि दर वेळी मी सांगायची की टाळ ऐकू येतात, आणि दर वेळी हे माझ्याकडे असं पाहायचे की जणू मी शेजारच्या म्हशीबद्दल बोलते आहे.

त्या वर्षी मशीनवर पुण्याचा इंजिनियर आला. पलीकडची बंगली त्यांना मिळाली. इंजिनियर बिचारा साधा, पान खाऊन पेपर वाचणारा. त्याची बायको गोरी, उंच, गाणं शिकलेली. आणि आवाज? इतका हळू की मला आधी वाटलं बाई आजारी आहे. मी ढिवराच्या गावची, तळ्याकाठची. आमच्याकडे या काठावरून त्या काठावर बोलतात. बाप मासे धरायला डोंग्यात असायचा आणि आई तळ्याच्या पाळीवर, बांधावर उभी राहून त्याला घरचं सगळं सांगायची, आणि गाव ते ऐकायचं. हळू बोलतो तो काहीतरी लपवतो, असं आमच्याकडे समजतात. मी तिचं नाव पुणेवाली ठेवलं, आणि तोंडावर मात्र "बाई, बाई" म्हणायची.

एका रविवारी आरा बंद होता. यांनी त्या दोघांना चहाला बोलावलं. इंजिनियर ओसरीवर पेपर घेऊन बसला. पुणेवाली आत आली आणि यांनी तिला खुर्ची दिली. आमची एकुलती एक खुर्ची! रेकॉर्ड लावली. तिनं सगळं ऐकलं आणि काहीतरी बोलली. हे म्हणाले, "काय?" ती परत बोलली. हे आणखी जवळ वाकले, "काय म्हणालात?" तेव्हा ती म्हणाली, "टाळ किती स्वच्छ आहेत हो. अगदी शेवटची किणकिण विरेपर्यंत ऐकू येतेय."

यांचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगते, रक्त उतरलं. हे खाली जमिनीवर बसले आणि तिच्याकडे पाहत राहिले, आणि ती यांच्याकडे. मी चहा घेऊन दारात.

आता मला सांगा, मी काय समजायचं? मी घसा फोडून तेच सांगत होते, टाळ वाजतात, टाळ वाजतात, तेव्हा "भाकरी पाह्य". आणि तिनं एकदा सांगितलं तर माणूस जागेवरच बसला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते हेच.

मग दर रविवारी. इंजिनियर ओसरीवर, पुणेवाली खुर्चीवर, हे जमिनीवर तारा हातात धरून, मी दारात. आणि थोड्याच दिवसांत त्यांचं बोलणंही बंद झालं. हे रेकॉर्ड लावायचे, ती ऐकत ऐकत बोट वर करायची, हे मान हलवायचे, नाहीतर नाही म्हणायचे. कधी एक बोट, कधी दोन. कधी ती हात छातीशी नेऊन हळूच खाली आणायची. बोटांची भाषा! माझ्या घरात, माझ्या देखत! बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती त्यांना. मी चुलीत फुंकर घालायला वळायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी ते धुरावर घालायची.

विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन बाई, तुमच्या घरी गाणं चालू आहे का पाहुणचार?" मी म्हणायची, "गाणं आहे जी, तुमाले नाई समजाचं." आणि घरी येऊन कळशी आपटायची.

मी यांना सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "तिले काऊन बोलावता? माझे कान काय बाजारातून आणले?"

हे पेटीचा स्क्रू आवळत राहिले.

"मी सांगतलं तेच तिनं सांगतलं. मंग तिचं खरं अन् माझं खोटं, असं काऊन?"

हे म्हणाले, "तू मोठ्यानं बोलते. तुले बारीक कसं समजन?"

बस्स. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले आणि सिंदेवाहीकडे माहेरी निघून गेले. तिकडे रोवणीचे दिवस होते. चिखलात ओणवं होऊन धानाचे परे, म्हणजे रोपं, लावायचे आणि गाणी म्हणायची. आमच्याकडे एका बांधीतल्या, म्हणजे शेताच्या एका तुकड्यातल्या, बाया गाण्यातून टोमणा मारतात आणि पलीकडच्या बांधीतल्या बाया त्याला गाण्यातूनच जबाब देतात. ज्या बांधीला जबाब सुचला नाही ती हरली. मी तोंडाची तिखट आणि पोटात आग, मग काय विचारता! मी नवीनच रचलं:

हळू बोलते गं, गोड हसते,
परक्या घरात खुर्चीवर बसते.

बायांनी ते उचललं. पलीकडून जबाब आला, "तिचं काय चुकलं, तूच घर सोडून चिखलात बसली." साऱ्या हसल्या. मी आणखी वरच्या पट्टीत गेले. भिजत, ओरडत, सबंध रोवणीभर. शेवटी माझा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा यायची. आई म्हणाली, "जा आता, तुह्या नवऱ्याच्या घरी शांतता होईन." आणि मलाही तो चिखलातला जबाब लागला होता. मी परत निघाले.

घरात पाऊल टाकलं तेव्हा हे पेटीपुढे पाठमोरे बसले होते. नवा स्पीकर, त्याच्या बाजूला आणखी एक वाटीएवढा छोटा स्पीकर. मी म्हटलं, "आली मी." आवाज कसला, श्वासच तो. पण घरात दुसरा आवाज नव्हता. हे वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. नाहीच. मग मला पाहिलं तेव्हा म्हणाले, "कधी आली?" आणि पुन्हा पेटीत डोकं.

त्या दिवशी मी विचारलं जेवता का, उत्तर नाही. पाणी देऊ का, उत्तर नाही. मागे उभी राहून म्हटलं, "तुमाले मी नको झाली का?" उत्तर नाही. माझ्या मनात मग काही उरलंच नाही. मी समजले, संपलं. भांडणारा नवरा आपला असतो. जो ऐकूनही वळत नाही, तो गेला.

मी तशीच उठले आणि बंगलीवर गेले. भांडायलाच गेले, लपवत नाही. पदर खोचला, पायरी चढले, आणि सुरुवात केली. आणि काय सांगू, आवाजच नाही! बल्लारशात माझ्यासारखं भांडणारी बाई नव्हती आणि मी तिच्या दारात उभी राहून कुजबुजत होते. "माझा नवरा घेतला तुमी... माझ्याशी बोलत नाई ते... मी मागून इचारते तं वळून पाह्यत नाई..." हातवारे मात्र पूर्ण चालू.

ती ऐकत राहिली. मग तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. ती म्हणाली, "वहिनी, त्यांना ऐकू येत नाही. तुमचा आवाज बसलाय ना, म्हणून."

मी खोचलेला पदर सोडला.

"बारीक आवाज आधी गेले. टाळ, पाखरं, माझ्यासारखीचं बोलणं. तो आरा दिवसभर कानाशी किंचाळतो ना. त्यांना वाटायचं स्पीकरच वाईट आहेत. मला पहिल्याच दिवशी लक्षात आलं. टाळ मला ऐकू येत होते, आणि मी काय बोलते ते त्यांना येत नव्हतं. टाळ वाजला की मी बोट वर करते, विरला की हात खाली आणते. ऐकू आला तर ते मान हलवतात. त्यावरून त्यांना कळतं किती उरलंय ते." ओसरीवर तिचा नवरा होता, म्हणून ती आणखी हळू झाली. "यांना मी सांगितलेलं नाही. कळलं तर मशीनवर ठेवणार नाहीत. मला वाटलं, तुम्हाला तर माहीतच असेल."

मला माहीतच असेल! एवढ्या मोठ्या बल्लारशात ते एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस मी नव्हते.

मी घरी आले. हे पेटीजवळच. मी समोर जाऊन बसले, बंगलीकडे बोट केलं आणि रडायला लागले. यांनी माझं तोंड हलताना पाहिलं, आवाज आला नाही, आणि यांना सगळं समजलं. "सांगतलं त्यांनी?"

मी मान हलवली.

"तुले काऊन नाई सांगतलं म्हणते, हाव ना?" हे म्हणाले. "तुले सांगतलं असतं तं तू बोलली असती. अन् तू बोलली का सारं बल्लारशा ऐकते. माझं काम गेलं असतं." मग म्हणाले, "अन् तुझा आवाज येत होता ना मले. पुरा येत होता. घरात तू बोलून राह्यली का मले वाटे, अजून बरंच शिल्लक आहे. तू माहेरी गेली अन् घर बंद पडलं."

यावर बाईनं काय म्हणावं? मला खूप म्हणायचं होतं. टाळ वाजतात हे मी आधी सांगितलं होतं. मी! पहिल्या स्पीकरपासून! तेव्हा माझा शब्द धरला असता तर त्या खुर्चीवर कोणी येऊन बसलंच नसतं. पण माझा घसा बसलेला, आणि यांचे कान गेलेले. मी नुसती यांच्या गुडघ्यावर मूठ आपटत राहिले, आणि हे बसून राहिले.

लोक म्हणतात, सत्य कळलं की मत्सर जातो. गेली उडत ती म्हण! मला तर तेव्हा खरा मत्सर सुटला. आधी वाटत होतं तिनं माझा नवरा घेतला. त्यावर भांडता येतं. पण तिनं तसलं काहीच केलं नव्हतं. तिनं यांचं दुखणं ओळखलं, स्वतःच्या नवऱ्यापासून लपवून सांभाळलं, आणि रविवारची झोप मोडून आमच्या घरी येऊन बसली. चांगल्या बाईवर जळणं फार वाईट. ना शिवी देता येते, ना माफ करता येतं. आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती असंही नाही. तिचा आवाज बारीक होता म्हणून तिला कळलं, माझा मोठा होता म्हणून मला कळलं नाही. एवढंच.

यांनी शेवटी जो स्पीकर ठेवला तो सागाच्या पेटीतला, बारीक आवाजासाठीचा तो छोटा वाटीएवढा वर बसवलेला. त्यातले टाळ यांना थोडे का होईना ऐकू यायचे. यांना ऐकू यायचे म्हणजे बाकीच्यांच्या कानात सुया! पाहुणे आले की कपाळाला आठ्या घालायचे. इंजिनियर म्हणाला, "फार कर्कश आहे हो." पुणेवाली म्हणाली, "छान आहे." मी तर रोज ऐकलं. डोकं उठायचं, पण हटले नाही. आता मीही खुर्चीजवळ बसायची, आणि टाळ सुरू झाले की यांच्या दंडाला हात लावायची. पुणेवालीला मी सांगितलं होतं, आता आम्ही पाहून घेऊ. ती हसली आणि रविवारी यायची थांबली.

पुढच्या हिवाळ्यात इंजिनियरला दुसरीकडे नोकरी मिळाली. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. इंजिनची वाफ, हमालांचा आरडाओरडा, काही विचारू नका. इंजिनियर सामान मोजत होता. पुणेवाली खिडकीशी बसली. माझ्या हाताची बोटं तिनं खिडकीतून धरली होती, आणि मान खाली घालून ती यांना काहीतरी म्हणाली. माझ्या कानाला स्पष्ट ऐकू आलं. ती म्हणाली, "तुमच्या घरासारखं गाणं मी पुन्हा कुठे ऐकणार? मला त्या रविवारांची फार आठवण येईल."

तिचे डोळे भरले होते. यांना काहीच कळलं नाही. हे माझ्याकडे वळले आणि विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"गाडीची वेळ झाली म्हणतात," मी यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.